गोल्फ शिकवणारा घडवायचा कसा? पहिले सहा महिने

येरवडाकर
नमस्कार मंडळी.

आपल्याकडे गोल्फ शिकवणारे बरेच जण कॅडीच्या (खेळाडूची बॅग उचलणाऱ्याच्या) वाटेने येतात. हिरवळीचा (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) उतार त्यांना पायाला कळतो, वारा कुठून आहे हे झाडाकडे न बघता सांगतात, खेळतातही छान. पण शिकवायला उभे राहिले की तोंडून दोनच वाक्यं निघतात: ‘सर, हेड डाउन’ आणि ‘सर, स्लो’. यात त्यांचा दोष नाही. खेळ त्यांनी बघून बघून उचलला. शिकवणं बघून उचलायची सोय कुणी केलीच नाही.

इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे प्रशिक्षकांसाठी प्रमाणपत्राचे वर्ग आहेत, तिथे जावंच. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने कुणातरी जुन्या शिक्षकाच्या हाताखालीच जातात. माझा प्रश्न त्या महिन्यांचा आहे. कच्चा आराखडा असा:

पहिला महिना नुसतं बघणं. दुसरा-तिसरा महिना नवशिक्यांची मूठ, उभं राहणं, नेम. चौथा-पाचवा महिना अर्ध्या तासाची शिकवणी, गुरू मागे उभा. सहाव्या महिन्यात एकट्याने.

यात काय राहिलं? आणि पहिल्या महिन्यात ‘बघ’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

सातनंबरी
आराखडा चांगला आहे. ‘बघ’ या शब्दाची फोड मात्र केलीच पाहिजे. नाहीतर नवा शिक्षक स्विंग बघतो. सगळे तेच करतात आणि तिथेच चुकतं.

बघण्याचा क्रम उलटा हवा. आधी चेंडू, मग क्लबचा तळ आणि चेहरा (चेंडूला लागणारी सपाट बाजू), मग हात, सगळ्यात शेवटी शरीर. चेंडूला फक्त क्लब लागतो, तोही सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. कोपर वाकलं की नाही हे चेंडूला माहीत नसतं.

प्रत्येक फटक्याला चार प्रश्न, याच क्रमाने:
१. चेंडू चेहऱ्यावर कुठे लागला? मधोमध, टाचेकडे (दांड्याजवळ) की टोकाकडे?
२. क्लब जमिनीला कुठे लागला? चेंडूच्या मागे, खाली की पुढे?
३. चेंडू निघाला कुठल्या दिशेने?
४. निघाल्यावर वळला कुठे?

उमेदवाराच्या (शिकाऊ शिक्षकाच्या) हातात वही द्या. चार रकाने पाडा: चेंडूने काय केलं, मला कारण काय वाटतं, गुरूने काय सांगितलं, त्यानंतरच्या दहा चेंडूंत काय बदललं. दुसरा रकाना गुरू तोंड उघडायच्या आधी भरायचा, ही अट. महिनाभराने दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वाचले की उमेदवार कुठे अडतोय ते दोघांनाही दिसतं.

चौथा रकाना गुरूची परीक्षा घेतो. गुरूने सांगितलं आणि दहा चेंडूंत काहीच बदललं नाही, असंही त्यात लिहायची मुभा हवी.

बाभूळबन
+१. वहीची कल्पना उचलली.

चेहऱ्यावरचा ठसा बघायला बाहेरून काही मागवायला नको. टाल्कम पावडर किंवा पायाला मारायचा पावडरचा स्प्रे चेहऱ्यावर हलकासा मारला की चेंडूचा ठसा स्पष्ट उमटतो. तीन चेंडूंनंतर पुसायचा आणि परत मारायचा. पावसाळ्यात पावडर चिखलते, तेव्हा व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढायचा आणि ठिपका क्लबकडे करून ठेवायचा. शाई चेहऱ्यावर उतरते.

चौथा टी
सातनंबरी, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहा. इथेच जुन्या आणि नव्या शिकवणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि अजूनही पुष्कळ जण जुनं सांगतात.

सातनंबरी
लिहितो. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी.

जुनी समजूत अशी: क्लब ज्या वाटेने येतो तिकडे चेंडू निघतो आणि चेहरा जिकडे बघतो तिकडे जाऊन पडतो. डॉप्लर रडारवर चालणारी ट्रॅकमनसारखी यंत्रं आली आणि मोजून दिसलं की गोष्ट जवळपास उलटी आहे. चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः चेहरा ठरवतो. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) साधारण ८५ टक्के, आयर्नला (धातूच्या पातळ पात्याचा क्लब) ७५ टक्के, पटरला (हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा क्लब) ९०च्या आसपास. वळण ठरतं ते चेहरा आणि वाट यांच्यातल्या फरकावरून. वाट चेहऱ्याच्या डावीकडे असेल तर चेंडू उजवीकडे वळतो.

नवा शिक्षक कुठे फसतो ते बघा. विद्यार्थ्याचा चेंडू उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे वळतो. जुन्या समजुतीचा शिक्षक म्हणतो, ‘उजवीकडे निघाला म्हणजे तू फार आतून बाहेर मारतोयस, थोडं डावीकडे मार.’ विद्यार्थी आज्ञाधारक. वाट डावीकडे नेतो. चेहरा होता तिथेच उघडा. दोघांमधला फरक वाढला आणि स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळणं) दुप्पट झाला. शिक्षक म्हणतो, ‘अजून डावीकडे.’ तासाभरात माणूस क्लब विकायच्या मनःस्थितीत येतो.

योग्य वाचन असं: उजवीकडे निघाला म्हणजे चेहरा उघडा. आधी चेहरा, आणि चेहऱ्यासाठी आधी मूठ. डाव्या हाताची मूठ वरून बघितली तर बोटांच्या निदान दोन गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसत असेल तर उत्तर तिथेच सापडतं.

बाभूळबन
एक पुरवणी जोडतो, कारण हा सापळा फार वाईट आहे. ड्रायव्हर टाचेकडे लागला तर गिअर इफेक्टमुळे (मधोमध न लागल्याने क्लबचं डोकं फिरतं आणि चेंडूला उलट फिरकी देतं) चेंडू उजवीकडे वळतो, टोकाकडे लागला तर डावीकडे. वाट आणि चेहरा दोन्ही ठीक असले तरी. म्हणूनच पहिला प्रश्न ठशाचा. टाचेवर बसलेला ठसा न बघता वाट दुरुस्त करायला निघालेला शिक्षक नसलेला आजार बरा करत बसतो. आयर्नमध्ये हा परिणाम नगण्य असतो, कारण त्याचं गुरुत्वकेंद्र चेहऱ्याला अगदी चिकटून असतं.

कोकणकडा
हे सगळं ठीक, पण माझं मत थोडं वेगळं आहे. जो स्वतः उत्तम खेळत नाही त्याने शिकवूच नये. शिकाऊ शिक्षकाचे सहा महिने आधी त्याच्या स्वतःच्या खेळावर घालवा. अमेरिकेतल्या पीजीएची (व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेची) खेळकौशल्याची चाचणी उगाच नाही. दोन फेऱ्यांत कोर्स रेटिंगची (त्या मैदानावर तरबेज खेळाडूला लागतील असे फटके) दुप्पट अधिक १५, एवढ्यात खेळ संपवायचा, ही तिची जुनी अट.

रेंजवरची
कोकणकडा, तीच अट नीट वाचा. रेटिंग ७२ असेल तर दोन फेऱ्यांत १५९, म्हणजे फेरीला सरासरी ७९-८०. हा चांगल्या क्लब खेळाडूचा खेळ झाला, स्पर्धा जिंकणाऱ्याचा नव्हे. चाचणीचा अर्थ ‘फटका मारून दाखवता आला पाहिजे’ इतकाच आहे.

दाखवता येण्याचं महत्त्व मलाही मान्य आहे. पण शिक्षकाला दाखवायचा असतो तो चांगला फटका नव्हे. विद्यार्थ्याचा चुकीचा फटका मुद्दाम, हुबेहूब, हव्या त्या वेळी मारून दाखवता आला पाहिजे. जमिनीला आधी लावून, टाचेवर घेऊन, चेहरा उघडा ठेवून. हे ज्याला जमतं त्याला चूक कशामुळे होते हे अंगात कळलेलं असतं. उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर ही घ्या: दहा चेंडू, गुरू ओरडणार ‘टाच’, ‘टोक’, ‘फॅट’ (आधी जमिनीला), ‘थिन’ (चेंडूच्या वरच्या भागाला), ‘पुश’ (सरळ उजवीकडे), ‘पुल’ (सरळ डावीकडे). दहापैकी सहा जमले तर उत्तम.

कोकणकडा
ही परीक्षा आवडली. माझी बाजू अर्धी मागे घेतो. अर्धी कायम.

दूरदेशी
फाइफमधून वाचतोय. स्कॉटलंडमध्ये ‘प्रो’ घडण्याची मूळ वाट उमेदवारीचीच. ब्रिटनमधली पीजीए १९०१ची, पण उमेदवारी त्याहून कितीतरी जुनी. सेंट अँड्र्यूजला अ‍ॅलन रॉबर्टसन पिसं भरलेले चामड्याचे चेंडू बनवत, टॉम मॉरिस त्यांच्या हाताखाली ते शिकले. मग गटापर्चाचा (झाडाच्या रबरासारख्या चिकाचा) चेंडू आला, स्वस्त आणि टिकाऊ. शिष्य त्या चेंडूने खेळला म्हणून गुरू भडकले, फाटलं, आणि १८५१मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेले. १८६०ची पहिली ओपन स्पर्धा झाली ती त्याच प्रेस्टविकला.

वर रडारचा विषय निघाला म्हणून हे आठवलं. नवं साधन आलं की गुरू-शिष्यांत ठिणगी पडते, आणि बहुतेक वेळा साधन बरोबर असतं.

सह्यवारा
दूरदेशी, सुंदर. कॅडीचा शिक्षक झालेलं सगळ्यांत मोठं नाव हार्वी पेनिक यांचं. टेक्ससमधल्या ऑस्टिन कंट्री क्लबवर लहानपणी बॅगा उचलायला लागले आणि १९२३मध्ये त्याच क्लबचे मुख्य प्रो झाले. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ दोघं त्यांचे विद्यार्थी. काइटने १९९२ची यूएस ओपन जिंकली, क्रेनशॉने १९८४ आणि १९९५ची मास्टर्स. १९९५ची तर पेनिक गेल्यानंतर अवघ्या आठवडाभरात. एकाची शिकवणी चालू असताना ते दुसऱ्याला बघू देत नसत, कारण एकाला दिलेलं औषध दुसऱ्याने चाटू नये.

आपल्याकडेही ही वाट खेळाडूंसाठी सिद्ध झाली आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. (१९६५मध्ये बिल्लू सेठी जिंकले होते, पण हौशी म्हणून.) ज्या वाटेने विजेते आले त्या वाटेने शिक्षक येणार नाहीत, असं समजायला काहीच आधार नाही.

चौथा टी
कॅडींची एक गोष्ट शिक्षकाला फार उपयोगी पडते: त्यांना गप्प राहता येतं. खेळाडू पुट करताना हलायचं नाही, बोलायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. वर्षानुवर्षांची सवय. शिकवायला लागले की तीच सवय आधी सुटते, कारण पैसे बोलण्याचे मिळतात असं वाटतं.

आराखड्यात ‘गप्प राहणं’ हा स्वतंत्र विषय घाला. नियम सोपा: चेंडू पडेपर्यंत शब्द नाही. पडल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं. त्या वेळात विद्यार्थी स्वतःच म्हणतो, ‘हा जमिनीला आधी लागला.’ म्हटलं तर फक्त मान हलवायची. नाही म्हटलं तर विचारायचं, ‘कुठे लागला?’ प्रत्येक चेंडूमागे सूचना दिली की त्या तासात माणूस सुधारलेला दिसतो आणि रविवारी कोर्सवर एकटा पडला की सगळं जातं. तो शिक्षकाच्या आवाजावर टेकून मारत होता. तीन ते पाच चेंडूंनंतर एक सूचना, हे प्रमाण पुरेसं आहे.

नवखा_डावरा
पण फी देणाऱ्याला वाटत नाही का, की सर काही सांगतच नाहीत?

चौथा टी
वाटतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकायचं: ‘आता पाच चेंडू मी बोलणार नाही, प्रत्येक चेंडू कुठे लागला ते तुम्ही मला सांगायचं.’ मग शांतता हे काम ठरतं.

रेंजवरची
आणि सांगायचं ते कशाबद्दल, हेही शिकवावं लागतं. गॅब्रिएल वुल्फ यांनी नव्वदच्या दशकात नवशिक्यांना पिचचे (हिरवळीकडे उंच टाकायचे छोटे) फटके शिकवून बघितलं. हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेले अधिक अचूक झाले. सूचना शरीराबाहेरच्या गोष्टीची द्यायची, एवढा त्यातला धडा. ‘मनगट सोड’ याऐवजी ‘क्लबचं टोक आकाशाकडे गेलं पाहिजे’. ‘वजन डाव्या पायावर आण’ याऐवजी ‘चेंडूच्या पुढचं गवत काप’.

इथे मराठी आपल्याला मोठा हात देते. इंग्रजी शब्द पाठ करून आलेला उमेदवार ‘लॅग’, ‘रिलीज’, ‘शॅलो’ फेकतो आणि समोरची आठ वर्षांची मुलगी नुसती बघत राहते. तिला ‘बादलीतलं पाणी लांब फेकल्यासारखं’ म्हटलं की अंग आणि हात आपोआप एकत्र फिरतात.

बाभूळबन
अशा उपमांचा संग्रह करूया का? माझ्याकडच्या:

कमरेने बाजूला सरकणाऱ्याला: ताक घुसळणारी रवी. गरागरा फिरते, पण जागा सोडत नाही.
चेंडू उचलायला जाणाऱ्याला: विळ्याने गवत कापणं. विळा गवताला खालून वर उचलत नाही, सपाट जातो.
मूठ आवळून धरणाऱ्याला: हातात चिमणीचं पिल्लू. (जगभर चालणारी उपमा आहे, पण आपल्याकडेही लगेच पोचते.)

सह्यवारा
चिपसाठी (हिरवळीजवळचा छोटा, जमिनीलगतचा फटका): अंगणात झाडू मारताना मनगट मोडत नाही, दांडा आणि हात एकत्र जातात. वेगासाठी: गोफण. दगड सुटतो तेव्हा हात पुढे पळत नाही, थांबल्यासारखा होतो आणि दोर पुढे जातो.

कोकणकडा
क्रिकेटचं विसरू नका. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक नवशिका क्रिकेट खेळून आलेला असतो आणि शिक्षकाला त्याचं भाषांतर जमलं पाहिजे. उपयोगी काय? पुल मारताना कंबर कशी उघडते ते त्याच्या अंगात आहे, ते वापरा. घातक काय? चेंडूकडे पाऊल टाकणं, आणि सरळ ड्राइव्हसारखा चेहरा लक्ष्याकडे धरून ठेवणं. बॅटचा चेहरा सरळ धरला तर चालतं. गोल्फ क्लबची पाती दांड्याच्या एका बाजूला असते, म्हणून तिचा चेहरा मिटत आणावा लागतो. तो धरून ठेवला की उघडा राहतो आणि मग वर सातनंबरींनी लिहिलेलं सगळं रामायण घडतं. ‘चेहरा सरळ ठेवा’ हे वाक्य क्रिकेटवाल्या माणसाला कधीही सांगू नये.

येरवडाकर
फार छान चाललंय, वाचतोय आणि वहीत उतरवतोय. उपमांचा वेगळा धागा काढला तरी चालेल.

एक प्रश्न मध्येच: मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) शिकवायचं की गवतावर? पावसाळ्यात रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटशिवाय पर्याय नसतो.

सातनंबरी
मॅट खोटं बोलते, हे उमेदवाराला पहिल्याच दिवशी सांगा. क्लब चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागे पडला तरी मॅटवरून घसरत चेंडूला जाऊन भिडतो आणि फटका बरा जातो. तोच फटका ओल्या गवतावर रुतून बसतो. मॅटवर कान वापरायचे: आधी ‘धप्’ मग ‘टक्’ ऐकू आलं तर फॅट, नुसतं ‘टक्’ आणि मग घासल्याचा आवाज आला तर ठीक. किंवा घडी केलेला नॅपकिन चेंडूच्या मागे सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवायचा. नॅपकिन उडाला की विद्यार्थ्याला कुणी काही सांगायची गरज उरत नाही. अगदी नवशिक्याला १५ पासून सुरुवात.

गवत मिळालं तर चुन्याची रेघ, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात. चेंडू न ठेवता दहा स्विंग, आणि खूण रेघेवर किंवा तिच्या पुढेच सुरू व्हायला हवी. मग चेंडू रेघेवर. ओली जमीन या कामाला उत्तम शिक्षक आहे, कारण तिच्यावर काहीही लपत नाही.

बाभूळबन
पावसाळ्यात बंकर (वाळूचा खड्डा) शिकवताना सांभाळून. ओली वाळू कडक बसते. कोरड्या वाळूसारखा चेहरा सताड उघडला तर क्लबचा जाड तळ आपटून उसळतो आणि चेंडू हिरवळीपलीकडे जातो. चेहरा कमी उघडा, कमी जाड तळाचा वेज (चेंडू उंच उडवायचा क्लब). उमेदवाराने दोन्ही वाळूंत स्वतः शंभरेक चेंडू मारल्याशिवाय बंकर शिकवायला उभं राहू नये.

नवखा_डावरा
मोबाइलवर व्हिडिओ काढून शिकवणं कितपत बरोबर? आजकाल प्रत्येक जण काढतो.

चौथा टी
काढणं बरोबर, काढण्याची पद्धत बहुतेकांची चूक. मागून घ्यायचा असेल तर कॅमेरा हातांच्या उंचीवर, हातांच्या सरळ रेषेत, लक्ष्यरेषेला समांतर. कॅमेरा अर्धा मीटर जरी पायांच्या बाजूला किंवा चेंडूच्या पलीकडे सरकला तरी तोच स्विंग एकदा ‘आतून’ आणि एकदा ‘वरून बाहेरून’ आल्यासारखा दिसतो. समोरून घेताना छातीच्या उंचीवर, छातीच्या मध्यासमोर. सेकंदाला २४० चौकटी आणि भरपूर ऊन. संध्याकाळी सहानंतरच्या व्हिडिओत दांडा धुरकट होतो. शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्यात वेगातला दांडा वाकलेला दिसतो, कारण चौकट एकदम टिपली जात नाही, एकेक ओळ करून टिपली जाते. तो वाक बघून दांडा बदलायचा सल्ला देऊ नये.

जमिनीवर दोन काठ्या ठेवून कॅमेऱ्याची जागा पक्की करायची, दर वेळी तीच. तरच मागच्या महिन्याशी तुलना करता येते. आणि विद्यार्थ्याला एका तासात एकच व्हिडिओ दाखवायचा.

रेंजवरची
दोन गोष्टी अजून कुणी लिहिल्या नाहीत.

पहिली, स्पर्श. मूठ शिकवताना हात धरावा लागतो असं मानलं जातं. लागत नाही. शिक्षकाने स्वतःच्या हातात क्लब धरून समोर उभं राहायचं आणि आरसा व्हायचं. खरंच गरज पडली तर आधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, ‘हो’ आल्यावरच. मुलगी असो, मुलगा असो, सत्तर वर्षांचे काका असोत, नियम एकच. लहान मुलांची शिकवणी उघड्यावर, पालकांना दिसेल अशी. हे उमेदवाराला पहिल्या आठवड्यात सांगायचं, ‘पुढे बघू’ नाही.

दुसरी, मुलांच्या गटातली सुरक्षितता. दोन मुलांत निदान तीन मीटर. सगळ्यांचे चेंडू मारून झाल्याशिवाय कुणीही पुढे चेंडू आणायला जायचं नाही, शिट्टी शिक्षकाकडेच. डावरं मूल रांगेच्या डाव्या टोकाला (लक्ष्याकडे तोंड करून बघितलं तर डावं). मग त्याची पाठ शेजाऱ्याकडे येते आणि त्याचा शँक (क्लबच्या दांड्याजवळच्या सांध्याला लागून आडवा उडालेला चेंडू) रांगेबाहेर जातो. उजव्या टोकाला उभं केलं तर तोच शँक सगळ्या रांगेपुढून जाईल. एका शिक्षकाकडे सहापेक्षा जास्त मुलं नकोत.

आणि मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देऊ नका. दांडा आखूड होतो तसा अधिक ताठ होतो, डोकं मात्र मोठ्यांच्याच वजनाचं राहतं. मूल ते उचलायला पाठ मागे वाकवतं आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं निघत नाही.

नवखा_डावरा
डाव्या टोकाची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. धन्यवाद.

सह्यवारा
नियमांचा भाग राहिला. शिकवणाऱ्याला नियम पाठ हवेत, विशेषतः २०१९चे बदल. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, शोधायला तीन मिनिटं, भोकातला झेंडा आत ठेवून पुट चालतं. कॅडीच्या वाटेने आलेल्यांना जुनी सवय मोडावी लागते ती अशी: खेळाडू उभा राहायला लागल्यापासून फटका होईपर्यंत कॅडीने मुद्दाम त्याच्या मागे रेषेत थांबून नेम लावून द्यायचा नाही. सरावात ज्या काठ्या जमिनीवर ठेवून शिकवतो त्याही फेरीत चालत नाहीत. पाय जुळवायला क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवून उभं राहिलं की दंड, नंतर उचलली तरी. विद्यार्थ्याला काठीची सवय लावली तर तिच्याशिवाय नेम घ्यायची सवयही लावली पाहिजे. दर दहा चेंडूंतले शेवटचे तीन काठी काढून.

कोकणकडा
आणि हौशी दर्जा! हे तरुणांना कुणीच सांगत नाही. चांगला खेळणारा पोरगा शनिवार-रविवार दोनशे-चारशे रुपयांवर शिकवायला लागतो आणि हौशी स्पर्धांतही नाव घालतो. २०२२पासूनच्या नियमांतही वैयक्तिक शिकवणीचे पैसे घेतले की हौशी दर्जा जातो. राष्ट्रीय संघटनेने मंजूर केलेले कार्यक्रम किंवा लिखित-ऑनलाइन शिकवणी असे मोजके अपवाद आहेत. पहिला रुपया घ्यायच्या आधी उमेदवाराने ठरवावं: खेळायचं आहे की शिकवायचं आहे.

येरवडाकर
हे फार महत्त्वाचं. आराखड्यात पहिल्याच ओळीत घालतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर: उमेदवारीच्या काळात फीची वाटणी कशी असावी?

चौथा टी
माझं ठाम मत: बघण्याच्या महिन्यात शिकवण्याचे पैसे नाहीत, पण चेंडू गोळा करणं, रेंज लावणं, क्लब धुणं या कामाचा रोज मिळालाच पाहिजे. कॅडीची रोजची कमाई बुडवून कुणी महिनाभर नुसतं बघू शकत नाही. ती सोय नसेल तर तुमचा आराखडा फक्त खात्यापित्या घरच्या मुलांसाठी उरतो. गुरू मागे उभा असतो त्या महिन्यांत फी अर्धी-अर्धी. एकट्याने शिकवायला लागल्यावर रेंजचं भाडं वगळून पूर्ण त्याची. आणि कोणता विद्यार्थी कुणाचा, हे आधी बोलून घ्यायचं. गुरू-शिष्यांची भांडणं स्विंगवरून कमी आणि यावरून जास्त होतात.

सातनंबरी
सहमत, विशेषतः रोजाबद्दल.

मूळ प्रश्नाकडे परत येतो. येरवडाकर, तुमच्या आराखड्यात एक कप्पा नाही: उमेदवाराने गुरूची शिकवणी तपासणं. तिसऱ्या महिन्यापासून पंधरा दिवसांतून एकदा गुरूच्या एका तासाचं ध्वनिमुद्रण करा आणि उमेदवाराला मोजायला सांगा: एकूण किती सूचना दिल्या, त्यांतल्या किती परस्परविरोधी, विद्यार्थी किती मिनिटं बोलला, किती चेंडू मारले. मग तेच उमेदवाराच्या तासाचं. गुरूचे आकडे आधी टेबलावर आले की उमेदवार स्वतःचे आकडे न लाजता ऐकतो. साठ मिनिटांत वीस सूचना निघाल्या तर दोघांचंही काम ठरलं.

दुसरं, पटिंग आणि चिपिंगने सुरुवात करा. तुम्ही मूठ-उभं राहणं-नेम लिहिलंय, पण कशासाठी? बहुतेक जण सात नंबरच्या आयर्नसाठी धरतील. पटिंगमध्ये वेग कमी, चेहरा डोळ्यांना दिसतो, कारण आणि परिणाम लगेच जुळतात. नव्या शिक्षकाची नजर तिथे तयार होते. पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर रुंद अंतरावर दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवायच्या आणि चेंडूच्या पुढे अर्ध्या मीटरवर चेंडूपेक्षा थोडं रुंद दुसरं फाटक. पहिलं चुकलं तर ठसा, दुसरं चुकलं तर चेहरा. चूक एका नजरेत कळते.

बाभूळबन
आणि तिथेच उतार, गवताचा कल. बर्म्युडा जातीच्या गवताच्या हिरवळीवर गवत चमकतं त्या बाजूला बघितलं तर कल तुमच्यापासून दूर, चेंडू पळतो. काळपट दिसलं तर कल तुमच्याकडे, चेंडू अडतो. कपाची (भोकाची) कड ज्या बाजूला विस्कटलेली, त्या बाजूला गवत वाढतंय. हे कॅडींना आधीच येतं. त्यांना जे येतं तेच पहिल्यांदा शिकवायला दिलं तर आवाजात धीर येतो.

येरवडाकर
हे शेवटचं वाक्य माझ्या आराखड्याला उलटं करतं, आणि ते बरोबर आहे. सुधारलेला असा:

पहिल्या दिवसाआधी: हौशी दर्जा आणि फी यांबद्दल स्पष्ट बोलणं. पहिल्या आठवड्यात सुरक्षितता, स्पर्शाचे नियम, मुलांची रांग. पहिला महिना चार रकान्यांची वही, सोबत रेंजच्या कामाचा रोज. दुसरा महिना फक्त हिरवळीवर: पुट, उतार, चिप, आणि शिकवणारा उमेदवारच, कारण तिथे त्याला जास्त कळतं. तिसरा-चौथा महिना नॅपकिन, चुन्याची रेघ, पावडर, मग मूठ आणि चेहरा, ध्वनिमुद्रण दोघांचं. चौथ्याच्या शेवटी रेंजवरची यांची ‘चूक मारून दाखव’ परीक्षा. पाचवा महिना अर्धा तास एकट्याने, गुरू वीस पावलांवर. सहावा पूर्ण तास, मुलांच्या गटासह.

ड्रायव्हर मी मुद्दाम सहा महिन्यांत कुठेच ठेवलेला नाही. ठेवावा का?

सातनंबरी
ठेवा, पाचव्यात. विद्यार्थी दुसऱ्याच तासाला बॅगेतून ड्रायव्हर काढून उभा राहणार आहे, उमेदवार तयार नसेल तर परत ‘हेड डाउन’वर येईल. तीनच गोष्टी शिकवून ठेवा: चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर, टी इतकी उंच की निम्मा चेंडू क्लबच्या वर दिसेल, आणि प्रत्येक तीन चेंडूंनी पावडरचा ठसा.

येरवडाकर
घातला. वहीचा एक रिकामा नमुना उद्या इथेच टाकतो, चार रकान्यांचा. पाचवा रकाना सुचत असेल तर आजच सांगा.

रेंजवरची
‘विद्यार्थी काय म्हणाला.’ त्याच्याच शब्दांत.

येरवडाकर
पाच रकाने.